नकारपत्र वाचताना

जुलै २००७ च्या दुसऱ्या आठवड्यात अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर सेवा खात्याचे संचालक एमिलिओ गोन्झालेझ यांच्या वॉशिंग्टन येथील कार्यालयाच्या पत्त्यावर फुलांचे शेकडो गुच्छ येऊन पडले. पाठविणारे बहुतेक भारतीय होते. कोणी संगणक अभियंता, कोणी डॉक्टर, कोणी संशोधक. सर्वजण कायदेशीर मार्गाने त्या देशात गेलेले, तेथे कर भरणारे आणि स्थायी वास्तव्याच्या परवान्यासाठी, म्हणजे ग्रीन कार्डासाठी, वर्षानुवर्षे रांगेत उभे असलेले. आदल्याच वर्षी ‘लगे रहो मुन्नाभाई’ या चित्रपटाने ‘गांधीगिरी’ हा शब्द घरोघर पोचविला होता आणि संताप व्यक्त करण्याऐवजी फुले पाठविण्याची कल्पना सरळ तेथूनच उचललेली होती. गोन्झालेझ यांनी ती फुले लष्करी रुग्णालयांतील जखमी सैनिकांकडे पाठवून दिली.

या फुलांमागची हकीगत अशी. अमेरिकेचे परराष्ट्र खाते दरमहा एक पत्रक काढते. कोणत्या वर्गातील, कोणत्या देशाच्या आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जदाराला पुढचे पाऊल टाकता येईल, हे त्यावरून कळते. जून २००७ च्या मध्यास या पत्रकाने जाहीर केले की, जुलैमध्ये नोकरीवर आधारलेल्या जवळजवळ सर्व वर्गांना अंतिम अर्ज करण्याची मुभा राहील. मग धावपळ उडाली. वैद्यकीय तपासण्या झाल्या, छातीची क्ष-किरण छायाचित्रे निघाली, जन्मदाखल्यांसाठी नातेवाईक गावच्या नगरपालिकेत खेटे घालू लागले, माहेरी आलेल्या बायकांना सुटी अर्धवट टाकून परत बोलावण्यात आले. कारण असा अर्ज करताना पती-पत्नी दोघांनीही अमेरिकेत असणे आवश्यक होते. आणि २ जुलै रोजी, म्हणजे महिन्यातील कामकाजाच्या पहिल्याच दिवशी, त्याच खात्याने दुसरे पत्रक काढले: या वर्षाचे परवाने संपले आहेत, अर्ज घेतले जाणार नाहीत. पुढे निषेध झाला, मोर्चा निघाला, फुले गेली, आणि १७ जुलैला सरकारने माघार घेऊन १७ ऑगस्टपर्यंत अर्ज स्वीकारण्याचे मान्य केले. अर्जदार जिंकले खरे. पण त्यांनी मिळविली ती अर्ज करण्याची मुभा होती, परवाना नव्हे. त्या महिन्यात अर्ज केलेल्या कित्येक भारतीयांच्या हाती प्रत्यक्ष कार्ड पडायला त्यानंतर अनेक वर्षे गेली.

या सगळ्या प्रकरणात एकाही अर्जदाराच्या गुणवत्तेचा प्रश्न कोठेच आला नव्हता. कोणाची पदवी कमी पडली नव्हती, कोणाचे इंग्रजी अपुरे ठरले नव्हते. तरीही त्या दोन आठवड्यांत अनेक घरांत जे दुःख पसरले ते नापास झालेल्या मुलाच्या घरातील दुःखासारखे होते. परदेशातील स्थायी वास्तव्यासाठी झटणाऱ्या मराठी मध्यमवर्गाची खरी अडचण येथे आहे. ज्या समाजात शालान्त परीक्षेचा निकाल हा माणसाच्या लायकीचा पहिला आणि पुष्कळदा अखेरचा दाखला मानला जातो, त्या समाजाला कोणताही अर्ज ही परीक्षाच वाटते. ‘गुण’, ‘पात्रता’, ‘निवड यादी’ असे शब्द त्या त्या देशांच्या नियमांतही असल्यामुळे हा भ्रम आणखी पक्का होतो. वस्तुतः ही परीक्षा नाही. एखाद्या राष्ट्राने आपल्या गरजेनुसार, आपल्या निवडणुकांनुसार आणि आपल्या बेकारीच्या आकड्यांनुसार कमी-जास्त सोडलेला तो नळ आहे. कचेरीच्या खिडकीमागे ज्याने वीस वर्षे काढली आहेत त्या कारकुनाला हे समजावून सांगावे लागत नाही. परत केलेल्या अर्जांपैकी फार थोडे अर्जदाराच्या योग्यतेमुळे परत जातात, हे त्याला पुरते ठाऊक असते. पण तोच कारकून घरी मुलाच्या हातातील नकारपत्र पाहतो तेव्हा हे ज्ञान कचेरीतच विसरून आलेला असतो.

कॅनडाचे उदाहरण घेतले तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. तेथे २०१५ पासून अर्जदारांना वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांसाठी एकूण १२०० पैकी गुण दिले जातात आणि दर काही दिवसांनी सरकार एक किमान आकडा जाहीर करून त्यावरील लोकांना अर्जाचे निमंत्रण पाठविते. हा आकडा बहुधा चारशेच्या वर आणि पुष्कळदा पाचशेच्या आसपास असतो. महासाथीच्या काळात, १३ फेब्रुवारी २०२१ रोजी, तो अवघ्या ७५ वर आला आणि एकाच दिवशी २७,३३२ जणांना निमंत्रणे गेली. कॅनडात आधीपासून काम करणाऱ्यांच्या वर्गापुरतीच ती सवलत होती. सीमा बंद होत्या, बाहेरून माणसे आणणे शक्य नव्हते, आणि वर्षाचे ठरलेले उद्दिष्ट तर गाठायचे होते. त्याच काळात पुणे-ठाण्यात बसलेला, चारशे सत्तर गुण असलेला आणि कॅनडाबाहेरच अनुभव घेतलेला अभियंता मात्र दीड वर्ष निमंत्रणाची वाट पाहत राहिला; कारण बाहेरच्या कुशल कामगारांसाठी असलेली निवड डिसेंबर २०२० पासून जुलै २०२२ पर्यंत बंदच होती. ७५ गुणांचा माणूस ४७० गुणांच्या माणसापेक्षा हुशार होता असे कोणी म्हणणार नाही. तो त्या दिवशी योग्य ठिकाणी उभा होता, इतकेच.

वाट पाहण्याचीही किंमत मोजावी लागते. वयाची तिशी ओलांडल्यावर दर वाढदिवसाला साधारण पाच-सहा गुण कमी होतात आणि पंचेचाळिसाव्या वर्षी या सदरातील गुण शून्यावर येतात. इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षे चालतो, मग पुन्हा परीक्षा, पुन्हा शुल्क. वैद्यकीय तपासणीही कायमची नसते. अर्ज जागच्या जागी उभा असतो आणि त्याला जोडलेले कागद एकामागून एक शिळे होत जातात.

अमेरिकेतील रांग याहून वेगळी आणि अधिक निष्ठुर आहे. १९९० च्या कायद्याप्रमाणे नोकरीवर आधारलेले स्थायी परवाने वर्षाला साधारण एक लाख चाळीस हजार असतात. त्यांतच अर्जदाराची पत्नी अथवा पती आणि मुले मोजली जातात. आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून अधिक परवाने जाऊ नयेत असा दंडक आहे. आइसलंड आणि भारत या दोघांना एकच माप. इतर देशांचे न वापरलेले परवाने काही वेळा भारतीयांकडे वळतात, पण मागणीच्या मानाने ती भर अगदी तुटपुंजी ठरते. माणसाची योग्यता सरकारने मान्य केलेली असते, मालकाची गरज मान्य झालेली असते. नाकारलेले काहीच नसते. फक्त जन्म भारतात झालेला असतो. २००० सालच्या एका कायद्याने अशा लोकांना सहा वर्षांची मुदत संपल्यावरही तात्पुरता कामाचा परवाना वाढवून घेता येतो. त्यामुळे माणसे देशाबाहेर फेकली जात नाहीत, पण त्या तात्पुरत्या परवान्यावर एका मालकाच्या मर्जीने पंधरा-पंधरा वर्षे काढतात. नोकरी गेली तर साधारणपणे साठ दिवसांत दुसरी शोधायची किंवा निघायचे. जोडीदाराला काम करण्याचा हक्क तर मे २०१५ पर्यंत मुळीच नव्हता आणि त्यानंतरही तो सर्वांना मिळाला नाही. याहून क्लेशकारक बाब मुलांची. दोन वर्षांचे असताना नेलेले मूल एकविसाव्या वर्षी कायद्याच्या लेखी आईवडिलांवर अवलंबून राहत नाही. रांगेतील त्याची जागा जाते, आणि ज्या देशाखेरीज त्याने दुसरा देश पाहिलेला नाही तेथे राहण्यासाठी त्याला विद्यार्थी म्हणून नव्याने परवानगी मागावी लागते. या रांगेला ‘अडचण’ म्हणणे सौम्य आहे. तो अन्यायच आहे, आणि तो दूर करण्याची विधेयके अमेरिकन काँग्रेसमध्ये वारंवार येऊन वारंवार अडकली आहेत.

पण रांग निदान असते तरी. कधी कधी ती रांगच पुसली जाते. २९ मार्च २०१२ रोजी कॅनडाच्या अर्थसंकल्पातून असे जाहीर झाले की, २७ फेब्रुवारी २००८ पूर्वी आलेले आणि अद्याप निकाल न लागलेले कुशल कामगारांचे अर्ज रद्द समजावेत. त्याच जूनमध्ये तसा कायदा झाला. अर्जदार व त्यांचे कुटुंबीय मिळून सुमारे दोन लाख ऐंशी हजार माणसांची प्रतीक्षा त्या एका कलमाने संपली. भारतातील, चीनमधील, फिलिपाइन्समधील कुटुंबे त्यांत होती. काहींनी सात-आठ वर्षे वाट पाहिलेली होती. भरलेले शुल्क परत मिळेल, पण व्याजाशिवाय, आणि याबद्दल सरकारकडे कोणतीही भरपाई मागता येणार नाही, असे त्या कायद्यात स्वच्छ लिहिले आहे. काही अर्जदार न्यायालयात गेले. २०१३ मध्ये फेडरल न्यायालयाने आणि २०१४ मध्ये अपील न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले. संसदेला तसे करण्याचा अधिकार होता. अधिकार होता हे खरे. तथापि एखाद्या माणसाची तिशीतली आठ वर्षे बिनव्याजी परत करता येत नाहीत, हेही तितकेच खरे.

ऑस्ट्रेलियाने हेच दोन वर्षे आधी केले होते. ८ फेब्रुवारी २०१० रोजी मंत्री ख्रिस इव्हान्स यांनी मागणी असलेल्या व्यवसायांची १०६ नावांची यादी रद्द केली आणि सप्टेंबर २००७ पूर्वी परदेशातून अर्ज केलेल्या सुमारे वीस हजार लोकांचे अर्ज शुल्कासह परत पाठविण्याचे ठरविले. त्या यादीत आचारी आणि केशकर्तनकार होते, आणि ते तेथे आहेत म्हणून भारतातून हजारो तरुण कर्ज काढून मेलबर्न-सिडनीच्या खाजगी संस्थांत पाककलेचे वर्ग भरीत होते. त्यांतील बहुतेकांना स्वयंपाकाची गोडी नव्हती, हे उघड आहे. सरकारलाही ते दिसत होते आणि त्या दृष्टीने निर्णय अगदीच अनाठायी होता असे म्हणता येणार नाही. पण यादी सरकारनेच छापली होती, आणि संस्थांना परवाने देणारेही सरकारी खातेच होते.

ब्रिटनमधील घटना यापुढे ठेवून पाहावी. तेथे २००२ मध्ये उच्चकुशल स्थलांतरितांसाठी एक योजना सुरू झाली. तीत प्रवेश घेताना अर्जदाराकडून, आपण ब्रिटन हेच आपले मुख्य घर करू, असे लिहून घेतले जाई. त्याप्रमाणे लोकांनी येथील नोकऱ्या सोडल्या, घरे विकली, मुलांची नावे तिकडच्या शाळांत घातली. नोव्हेंबर २००६ मध्ये नियम बदलले आणि मुदतवाढीसाठी नवीन कसोट्या लावण्यात आल्या. वय, पदवी आणि मिळकत यांवर भर देणाऱ्या त्या कसोट्यांत आधी आलेल्यांपैकी पुष्कळजण बसत नव्हते. हे लोक संघटित झाले. पार्लमेंटच्या मानवी हक्क समितीने २००७ मध्ये त्यांची बाजू उचलून धरली, आणि एप्रिल २००८ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, ज्यांना जुन्या अटींवर बोलावून घेतले त्यांच्यावर नव्या अटी लादणे बेकायदेशीर आहे. खात्याने स्वतः छापलेल्या माहितीपत्रकातील आश्वासने तेथे महत्त्वाची ठरली. पुढील वर्षी, स्थायी वास्तव्यासाठीची मुदत चारऐवजी पाच वर्षे केल्याच्या प्रश्नावरही न्यायालयाने याच लोकांच्या बाजूने कौल दिला.

कॅनडातील अर्जदार हरले आणि ब्रिटनमधील जिंकले. नवी सत्ता चालविणाऱ्यांची मने एकीकडे कठोर आणि दुसरीकडे मऊ होती असे यातून निघत नाही. पहिले लोक दाराबाहेर होते, दुसऱ्यांना आत घेऊन त्यांच्याकडून वचन घेतलेले होते. तिकडे संसदेने कायदा केला होता, इकडे खात्याने नियम फिरविला होता. धक्का बसलेल्या माणसाने सर्वांत आधी हा फरक तपासावा लागतो: आपल्याला काही देण्याचे कबूल झाले होते का, की आपण केवळ आशा धरली होती? पहिल्या प्रकारात लढता येते. दुसऱ्या प्रकारात लढण्यात पैसा आणि वर्षे जातात, आणि ती दुसऱ्या देशाच्या अर्जात, दुसऱ्या नोकरीत किंवा मायदेशी परतण्यात घालविणे अधिक शहाणपणाचे असते. मे २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने स्थायी वास्तव्यासाठी पाचऐवजी सर्वसाधारणपणे दहा वर्षांची मुदत करण्याचा प्रस्ताव श्वेतपत्रिकेत मांडला, तेव्हा आधीच तेथे असलेल्यांचे काय, हा २००६ चाच प्रश्न पुन्हा विचारला गेला.

याखेरीज नकाराचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो मात्र घरचा आहे. कागदपत्रांत दोष निघतो. महाराष्ट्रातील स्त्रियांना याचा अनुभव विशेष येतो. शालान्त प्रमाणपत्रावर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे नाव; लग्नानंतर आडनाव बदललेले, वडिलांच्या जागी पतीचे नाव आलेले, आणि कित्येक घरांत लग्नात तांदळाच्या ताटात लिहिलेले नवे पहिले नावसुद्धा. पदवी एका बाईची, अनुभव दुसरीचा आणि पारपत्र तिसरीचे, असे परक्या अधिकाऱ्याला वाटले तर त्याला दोष देता येत नाही. राजपत्रातील नावबदलाची सूचना, विवाह नोंदणीचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र ही त्रयी अर्जाच्या आधीच तयार असली तर हा गुंता सुटतो. नकार आल्यावर ती जमविणे फार जड जाते.

अनुभवाच्या दाखल्याचेही तसेच. आपल्याकडे कंपनी सोडताना ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत यांनी अमुक पदावर काम केले, त्यांना शुभेच्छा’ अशा दोन ओळी मिळतात. तिकडच्या अधिकाऱ्याला हवे असते ते प्रत्यक्ष काम काय केले, आठवड्याला किती तास केले, पगार किती होता. ज्या लहान कारखान्याला कुलूप लागून पाच वर्षे झाली त्याच्याकडून हे पत्र आणायचे कोठून? अशा वेळी फॉर्म १६, भविष्यनिर्वाह निधीचा उतारा, बँकेचे खातेउतारे आणि तेव्हाच्या वरिष्ठाचे शपथपत्र यांवर भिस्त ठेवावी लागते. ही कामे कंटाळवाणी आहेत. पण या प्रकारच्या नकारात एक समाधान असते, ते असे की चूक सापडते आणि दुरुस्त करता येते.

नेमका याच ठिकाणी दलाल प्रवेश करतो. दोन वर्षांचा अनुभव चार वर्षांचा करून देतो, असे तो सांगतो. त्याच्याकडे लेटरहेडही तयार असते. खोटी माहिती दिल्याचे आढळले तर कॅनडात पाच वर्षांची बंदी येते आणि अमेरिकेत तर ती सहसा जन्मभर चिकटते. २०२३ मध्ये कॅनडात असे कित्येक भारतीय विद्यार्थी पुढे आले की ज्यांना महाविद्यालयाचे आपले प्रवेशपत्र बनावट होते हे शिक्षण संपून स्थायी वास्तव्याचा अर्ज करीपर्यंत माहीतच नव्हते. जे खरोखर फसवले गेले त्यांना हद्दपार केले जाणार नाही, असे सरकारने त्या जूनमध्ये जाहीर केले. परंतु आपण फसवले गेलो हे सिद्ध करण्याची पाळी त्या मुलांवरच आली. सल्लागाराला पैसे दिले म्हणून अर्जावरील सही त्याची होत नाही.

घरातील वातावरणाबद्दल बोलणे अधिक अवघड आहे. परदेशाचा अर्ज हा सहसा एका माणसाचा नसतो. वडिलांच्या निवृत्तीच्या पैशातून शुल्क गेलेले असते, बहिणीचे लग्न त्या हिशेबाने पुढे ढकललेले असते, फ्लॅट घेण्याचे थांबविलेले असते. अर्ज केल्याची बातमी नातेवाइकांत फार लवकर पसरते आणि मग प्रत्येक मुंजीत, प्रत्येक सत्यनारायणाला ‘काय, झालं का तुमचं?’ ही विचारपूस सुरू होते. प्रेमाने विचारलेला प्रश्नच असतो तो. तरीही त्याला उत्तर द्यावे लागू नये म्हणून माणसे समारंभ टाळतात. काहीजण निमंत्रण हाती येण्यापूर्वीच नोकरीचा राजीनामा देतात, ही तर शुद्ध अविचाराची गोष्ट. त्यामुळे नकाराबरोबर चूलही विझते. आणि तिकडून परत आलेल्याला ‘तिथे जमलं नाही’ असा शिक्का बसतो, मग तो दहा वर्षे उत्तम काम करून, मुलगी एकविसाची होण्यापूर्वी विचारपूर्वक परतलेला का असेना.

पत्र येते तेव्हा ते बहुधा पूर्ण वाचलेही जात नाही. पहिल्या परिच्छेदातील ‘खेद’ वाचला की कागद बाजूला पडतो. कारण, कलम आणि मुदत या तीन गोष्टी मात्र पुढील पानांवर असतात. अमेरिकेत फेरविचाराचा अर्ज अथवा अपील करायला साधारण तीस दिवस मिळतात. कॅनडाबाहेर दिलेल्या निर्णयाविरुद्ध फेडरल न्यायालयाकडे साठ दिवसांत आणि आतील निर्णयाविरुद्ध पंधरा दिवसांत जावे लागते. शोक करण्यात पहिला आठवडा गेला तर पंधरा दिवसांतले निम्मे गेले. ज्या घरात एखादा निवृत्त कारकून असतो तेथे तो चष्मा शोधून आणतो, पत्र उजेडाकडे धरतो आणि पहिल्यांदा विचारतो की, कलम कोणते लावले आहे आणि उत्तराची तारीख कोणती. मुलाला त्या घटकेस तो प्रश्न कोरडा वाटतो. तारीख मात्र भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्याच संध्याकाळी लाल शाईने लिहिली जाते.